सांगणं, मागणं, पटणं : वऱ्हाडातल्या आठवडी बाजाराची ओळीओळीनं पारख

‘घासाघीस’ या शब्दाला पर्याय विचारले तर भावताव, मोलभाव, मोलतोल, सौदेबाजी, वाटाघाट अशी माळ कोणीही म्हणून दाखवेल. कागदावर हे शब्द एकमेकांच्या जागी बसतात. विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या आठवडी बाजारात उभं राहून वापरून पाहा, बसत नाहीत. भाजीवालीशी कोणी ‘सौदा’ करत नाही. बैलजोडीची ‘घासाघीस’ होत नाही. कापसाच्या गाडीपाशी तर यातला एकही शब्द कानावर येत नाही, तिथं ‘कट्टी’, म्हणजे वजनातली कपात, बोलतात. प्रत्येक ओळीत ओढाताण वेगळ्या गोष्टीसाठी असते, म्हणून शब्दही वेगळा. तो ज्याला कळला त्याचा पैसा वाचतो. बाजाराची ही पारख त्याच अंगानं केली आहे: कुठल्या ओळीत कोणता शब्द चालतो, तिथं नेमकं काय कमी होतं आणि गिऱ्हाईक किंवा शेतकरी कुठं नागवला जातो.

आधी क्रियापदं, कारण सगळा बाजार चार क्रियापदांवर चालतो. विकणारा भाव ‘सांगतो’. घेणारा ‘मागतो’. इथं मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे, आपल्याकडून आकडा ठेवणं. “कितीले मागतलं?” याचा अर्थ गिऱ्हाइकानं किती देऊ केले. मग ‘पटते’ किंवा ‘पटत नाई’, आणि पटलं तरच ‘देल्लं’. “पंचावन सांगतले, पन्नासनं मागतले, बावनले देल्ले” या एका वाक्यात अख्खा व्यवहार येतो. “आज कोनं मागतलंच नाई” म्हणजे मालाला आकडा लावणाराच भेटला नाही, आणि विकणाऱ्याला हे कमी भावापेक्षा जास्त लागतं. भाव विचारायची रीतही लक्षात ठेवण्यासारखी. ‘याची किंमत काय?’ हे शहरी झालं. बाजारात विचारतात, “कसे देल्ले वांगे?” वांगी अजून ढिगातच आहेत, पण प्रश्न भूतकाळात, जणू दिलीच. या रीतीनं विचारणाऱ्याला सांगितलेला भाव बहुतेक वेळा खरेपणाच्या जवळचा असतो, कारण समोरच्याला कळतं की हा दर आठवड्याचा माणूस आहे.

भाजीच्या ओळीचा शब्द ‘कमी-जास्त’. “कमी-जास्त कर ना व माय,” एवढंच. किंवा “लावून दे”, म्हणजे परवडेल तसा बरोबर भाव लाव. बोलणं साधारण असं चालतं:

“कसे देल्ले भेदरं?”
“चाळीस किलो.”
“तीसनं दे.”
“नाई परवडत व बाई, पस्तीसनं घे. तोडनीचेच आहेत, पाहून घे.”
“बरं, दे अर्धा किलो. अन् वर सांबार टाक.”

भेदरं म्हणजे टोमॅटो, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी. शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे: ‘वर’. भाजीच्या ओळीत भाव पाचाच्या टप्प्यानं एकदा उतरतो, फार तर दोनदा. त्यापुढं ताणण्यात अर्थ नसतो. मिळतं ते ‘वर’चं: दोन मिरच्या, चार काड्या सांबार, तराजू झुकल्यावर टाकलेलं एक वांगं. सवयीची गिऱ्हाइकं भावावर एकच शब्द बोलतात आणि वरचं हक्कानं घेतात. विकणारीलाही ते सोपं जातं. भाव एकाला कमी केला की शेजारी उभ्या दहा जणांना तोच द्यावा लागतो, वरचं मात्र ज्याच्या पिशवीत पडलं त्यालाच कळतं.

पैसा जातो तो ‘पावा’त. ५० रुपये किलोची वांगी पाव किलो मागितली तर १५ सांगतात, म्हणजे किलोला ६० पडले. यात लबाडी म्हणण्यासारखं फारसं नाही. सुट्ट्या पैशांची अडचण असते, साडेबारा रुपये कोणी घेत-देत नाही. पण पाच भाज्या पाव-पाव घेतल्या तर पाच ठिकाणी वरचे पैसे जातात. उपाय एकच: “किलोच्या भावानं अर्धा दे.” मिरची, लिंबू, आलं, लसूण ‘वाट्या’नं मिळतात. वाट्याचा भाव हलत नाही, वाटा हलतो. दहाचा वाटा आठला मागू नये, “यातले दोन त्याच्यात टाक” म्हणावं. घ्यायच्या आधी वाटा हातानं उलटावा. वरचा थर निवडून लावलेला असतो, मऊ पडलेलं लिंबू खाली असतं.

सकाळच्या पहिल्या विक्रीला ‘बोहनी’ म्हणतात, काही गावांत ‘भवानी’. बोहनीला भाव खरंच थोडा खाली येतो, कारण पहिलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ द्यायचं नसतं. पण त्या वेळी भाव विचारून, मागून, मग न घेता निघून जाणं फार वाईट दिसतं. घ्यायचं नसेल तर बोहनी होईपर्यंत विचारूच नये.

आता एक गोष्ट ठासून सांगायची आहे. भाजीच्या ओळीत दोन प्रकारची माणसं बसतात. एक, लिलावात माल घेऊन बसलेला व्यापारी. त्याच्याकडं आठ-दहा जिनसा असतात, क्रेट असतात, टमाटे एका मापाचे असतात. दुसरी, शेतातलं आणून बसलेली बाई. तिच्यापुढं एक-दोनच जिनसा, जमिनीवर अंथरलेलं पोतं किंवा जुनं लुगडं, आणि वांगी लहान-मोठी मिसळलेली. व्यापाऱ्याशी खुशाल भावताव करा, त्यानं दोन्ही बाजू धरूनच भाव सांगितलेला असतो. बाईनं पहाटे तोडा केला, ऑटोचं भाडं दिलं, बाजाराची पावती फाडली. संध्याकाळी परतीची गाडी चुकू नये म्हणून तिला माल संपवायचाच असतो, आणि नेमक्या या घाईचा फायदा घेऊन “दहानं दे, नाई तं राहू दे” म्हणणारे खूप. पाच रुपयांसाठी हे करू नये. ही पावती वसूल करायचं कामही लिलावानंच दिलेलं असतं: ग्रामपंचायत किंवा नगर परिषद बाजाराचा ठेका बोलीवर देते आणि ठेकेदाराची माणसं ओळीतून फिरून पैसे घेतात. पावती कितीची, हे फलकावर लिहिलेलं असायला हवं. जिथं फलक नाही तिथं बसणाऱ्यांनी छापील पावतीवरचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

कापड, चपला, भांडी या ओळींबद्दल थोडक्यात. ‘घासाघीस’ हा शब्द खऱ्या अर्थानं इथलाच. घासून घासून आकडा झिजवायचा. सांगितलेल्याच्या निम्म्यावर मागा, साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास पटतं. “लास्ट बोला भाऊ” म्हटल्यावर येतो तो शेवटचा भाव नसतो, चार पावलं पुढं गेल्यावर मागून हाक येते तो असतो. ‘एकदाम’ अशी पाटी लावलेल्या दुकानात तोंड घालवू नका, तिथं फक्त सुटे वरचे पैसे सोडतात. जुनी भांडी देऊन नवी घेताना दोन भाव चालतात, मोडीचा आणि नव्याचा. नव्याचा भाव खाली येतो तेव्हा मोडीचा हळूच उतरवलेला असतो. म्हणून आधी मोडीचं वजन आणि पैसे ठरवून घ्यावे, मगच नव्या भांड्याला हात लावावा. सोन्याच्या दुकानातही असंच: सोन्याचा भाव बाजाराचा असतो, तो हलत नाही. बोलायची जागा ‘घडणावळ’. ती ग्रॅममागे किती की टक्क्यानं किती, हे विचारलं नाही तर बिल वाचूनही कळत नाही.

बैलबाजार मात्र निवांत पाहण्याची जागा आहे. इथला शब्द ‘सौदा’, आणि तो पूर्ण व्हायला दोन-दोन तास लागतात. सौदा ‘पटतो’, ‘तुटतो’, ‘फिसकटतो’. मध्ये दलाल असतो आणि त्याच्या खांद्यावर दुपट्टा. घेणाऱ्याचा हात तो आपल्या हातात घेतो, वरून दुपट्टा टाकतो, आणि तोंडानं फक्त मोजमाप बोलतो: “हे दहा हजार… हे हजार… हे शेकडे.” आकडा बोटांत असतो. चार बोटं धरून ‘दहा हजार’, दोन धरून ‘हजार’, पंजा दाबून ‘शेकडा’, म्हणजे ४२,५००. भोवती वीस माणसं उभी असतात, कोणालाही आकडा कळत नाही. चेहरे पाहावेत: घेणारा मान हलवत नाही, विकणारा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत दुसरीकडे पाहतो, आणि दलाल तेवढा बोलत राहतो, “अरे जोडी पाय न भाऊ, जोडी पाय.” मग तो विकणाऱ्याकडे जातो आणि त्याच्याशी वेगळा दुपट्टा.

या रिवाजाची सोय खरी आहे. आकडा झाकलेला असल्यामुळं कमी मागितलं म्हणून चारचौघांत कोणाचा अपमान होत नाही, आणि एक सौदा तुटला तरी पुढच्या गिऱ्हाइकाला आधीचा आकडा माहीत नसतो. खोट तिथंच आहे. दोन दुपट्ट्यांत दोन वेगळे आकडे धरले तर मधला फरक दलालाचा. दलाली दोन्हीकडून मिळते ती वेगळीच. म्हणून शेवटचा हात घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा सरळ एकमेकांत घालायला लावावा, किंवा कासरा हाती घेताना आकडा दोघांनी मोठ्यानं उच्चारावा. भला दलाल याला कधी नाही म्हणत नाही. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून जोडी घेऊ नये.

आकड्याआधी दात. खालच्या जबड्यात पुढं आठ दात असतात, दुधाचे पडून पक्के येतात ते जोडीजोडीनं. एकही पक्का नाही तो ‘अदत’. दोनदाती साधारण अडीच वर्षांचा, चौदाती तीनच्या पुढचा, सहादाती चारच्या आसपास, आणि आठही आलेला ‘जुळला’, म्हणजे पाचाच्या घरातला. जुळल्यानंतर दातांवरून वय नेमकं सांगता येत नाही, फक्त झीज पाहायची. चौदातीवर घेतलेला गोऱ्हा पुढं सात-आठ वर्षं काम देतो, म्हणून सौद्यात सगळ्यात मोठा फरक ‘चौदाती की जुळला’ यानं पडतो. शिंगं तासून, तेल लावून, रंगवून आणलेली असतील तर समजा की वय लपवलेलं आहे. शिंगाच्या बुडाशी असलेली वळी तासण्यात जातात. पोट तट्ट भरलेलं दिसत असेल तर मीठ घालून पाणी पाजलेलं असू शकतं, दोन तास उभं राहा, उतरतं. खांद्यावर जुवाच्या जागी तळहात दाबा. बैल अंग चोरत असेल तर खांदा सुजलेला आहे. गाडीला जुंपून, मागं दोन माणसं बसवून, चढावर चालवून पाहा. ‘बसका’ बैल चढावरच बसतो, सपाटीवर कधी नाही. आणि विचारा की डाव्या अंगाचा की उजव्या. वर्षानुवर्षं एका अंगाला जुंपलेला बैल दुसऱ्या अंगाला ओळीत चालत नाही, पेरणीच्या दिवसांत हे शिकवायला वेळ नसतो. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जोडी अंगानं हलकी आणि चालीला जलद. काळ्या जमिनीच्या खोल नांगरटीला घ्यायची की डवरणी-वखरणीला, हे ठरवूनच तिचा भाव बोलावा.

म्हशीच्या सौद्याला ‘दुधाची बोली’ म्हणतात, म्हणजे अमुक लिटर दूध देईल या शब्दावर किंमत. नागपुरी म्हैस असो की कुठली, एका वेळचं दूध पाहून पैसे देऊ नयेत. आदल्या रात्री न पिळलेली कास सकाळी फुगलेली दिसते आणि भांडं भरतं. बाजारात एकदा स्वतः पिळून कास रिकामी करा, बारा तासांनी पुन्हा पिळा, ते दुसरं माप खरं. बारा तास थांबायला विकणारा तयार नसेल तर बोलीतले लिटर निम्मे धरून मागा.

पटल्यावर ‘इसार’, काही ठिकाणी ‘बयाणा’. दोन्ही एकच: सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम. ४२,५०० च्या जोडीवर २,००० इसार दिला तर कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पूर्ण किंमत, इसार किती, उरलेले किती तारखेपर्यंत, आणि कोणी माघार घेतली तर इसाराचं काय. चौथी गोष्ट न लिहिल्यामुळं जेवढी भांडणं होतात तेवढी किमतीवरून होत नाहीत. जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला आणि पावतीवरचा नंबर एकच आहे ना, हे कासरा सोडायच्या आधी जुळवावं. विकणाऱ्याच्या गावचा दाखला आणि बाजाराची पावती जवळ नसेल तर वाटेत गाडी अडते आणि खरेदीचा पुरावा द्यायला कोणी सोबत नसतं.

‘भाव’ या शब्दाबद्दल इथं सांगून टाकतो. वऱ्हाडात ‘भाव खाते’ म्हणजे माणूस मिजास करतो, ‘भाव देल्ला नाई’ म्हणजे विचारलंही नाही. माल आणि माणूस दोघांनाही एकच शब्द लागतो, त्यामुळं मालाला भाव मिळाला नाही हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी नुसतं पैशाचं राहत नाही.

आता कापूस आणि सोयाबीन. इथं बाजाराची सेवा सगळ्यात कमी पडते आणि इथलेच शब्द सगळ्यात महागात जातात. व्यापारी गाडी आणि काटा घेऊन गावात येतो, याला ‘खेडा खरेदी’ म्हणतात. दारात वजन, दारात पैसे, म्हणून शेतकऱ्याला बरं वाटतं. भाव तो मोठ्यानं सांगतो, आणि बहुतेक वेळा बाजार समितीपेक्षा थोडा चढाच सांगतो. बोलीचा शब्द पुढं येतो: ‘कट्टी’. वजनातून कापायचा वाटा. तो भाव पटल्यावर, अर्धा माल काट्यावर चढल्यावर उच्चारला जातो.

हिशोब मांडून पाहू. बाजार समितीत क्विंटलला ७,००० चा भाव आहे. गावात व्यापारी ७,०५० देतो म्हणतो, पण क्विंटलमागे २ किलो कट्टी. म्हणजे १०० किलो देऊन ९८ चे पैसे: ६,९०९ रुपये. पन्नास जास्त वाटले ते प्रत्यक्षात ९१ कमी झाले. २० क्विंटलला १,८२० रुपये. समितीत न्यायला भाडं आणि हमाली मिळून क्विंटलमागे ९१ पेक्षा जास्त पडत असेल तरच हा व्यवहार शेतकऱ्याच्या फायद्याचा, ६० पडत असेल तर नाही. हा हिशोब गाडी दारात येण्याआधी करून ठेवावा लागतो, काट्यापाशी उभं राहून होत नाही. आणि विचारायचं वाक्य एकच: “कट्टी धरून हातात किती?” ‘भाव काय’ हा प्रश्न इथं अपुरा आहे.

कट्टीला कारणं सांगितली जातात ती सगळीच खोटी नसतात. कापसात ‘कवडी’ असते, म्हणजे किडलेल्या बोंडातला पिवळा, न उमललेला कापूस. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच झाडं राखून घेतलेल्या कापसाचा, धागा आखूड आणि कमजोर निघतो. ओला कापूस जड भरतो. जाणता व्यापारी मुठीत कापूस दाबतो, सोडतो आणि फुलतो का पाहतो. मग एक सरकी काढून दातांत धरतो. वाळलेली सरकी कट्‌ असा आवाज करून फुटते, ओलसर असेल तर नुसती चेपते. ही परीक्षा शेतकऱ्यानंही घरी करावी, तीन वेगवेगळ्या गाठोड्यांतून सरकी काढून. तिन्ही फुटल्या तर ओलाव्याची कट्टी मान्य करायचं कारण नाही. पहाटेचा दव असताना वेचलेला कापूस त्याच दिवशी गंजीत टाकला की वरचा कोरडा कापूसही ओढ धरतो. एक दिवस उन्हात पसरून मगच गंजीत घालावा. कवडी वेचतानाच वेगळ्या झोळीत टाकली तर उरलेल्या मालावर बोट ठेवायला जागा राहत नाही, आणि कवडीचा भाव वेगळा बोलता येतो.

सोयाबीनला पोत्याची कट वेगळी असते, ‘बारदाना’ म्हणून. पोत्यामागे एक किलो कापतो म्हणाला तर रिकामी दहा पोती एकदम काट्यावर ठेवा आणि दहानं भागा. सरासरी जेवढी येईल तेवढीच कट. काट्याचीही परीक्षा सोपी आहे. शिक्का मारलेलं ५ किलोचं वजन जवळ ठेवा. रिकाम्या काट्यावर चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा, मग भरलेलं पोतं चढलेलं असताना त्याच्यावर ठेवा. आकडा बरोबर ५ नं वाढला पाहिजे. काही काटे रिकामे असताना बरोबर दाखवतात आणि भारावर खातात, ते याच दुसऱ्या परीक्षेत सापडतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून करून घ्यावी लागते, त्याची मोहर आणि प्रमाणपत्र मागायचा हक्क प्रत्येकाला आहे.

यानंतर ‘वटाव’ आणि ‘चुकारा’. चुकारा म्हणजे मालाचे पैसे हाती येणं. तो आठ दिवसांनी देतो म्हणणारा व्यापारी आजच रोख हवा असेल तर काही कापतो, तो वटाव. म्हणून सांगितलेला भाव नगदीचा की उधारीचा हे आधी विचारावं. वटाव टक्क्यानं सांगतात तेव्हा लहान वाटतो: १ टक्का म्हणजे ७,००० वर ७० रुपये, कट्टीच्या ९१ मध्ये मिळवले तर क्विंटलमागे १६१. उधारीवर दिलेल्या मालाची साधी चिठ्ठी तरी हवीच, तिच्यावर वजन, भाव, कट्टी आणि चुकाऱ्याची तारीख. नुसत्या ओळखीवर दिलेल्या मालाचे चुकारे बुडाल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात आहेत.

बाजार समितीचा शब्द ‘बोली’. उघडी, सगळ्यांच्या कानांवर पडणारी. दुपट्ट्याखालचा भाव आणि मनमानी कट्टी बंद व्हावी यासाठीच नियंत्रित बाजार आले, आणि त्याची सुरुवात वऱ्हाडातच झाली: १८८६ साली कारंजा इथं देशातला पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज लागू आहे तो राज्याचा १९६३ चा कायदा. एवढ्या जुन्या परंपरेच्या मुलखात आजही दारातल्या काट्यावर दोन किलो सहज कापले जातात, ही या सेवेची सगळ्यात मोठी खोट. समितीच्या आवारातही बोली पटली नाही तर माल न देता परत नेण्याचा हक्क शेतकऱ्याला असतो. पण परतीचं भाडं अंगावर पडतं, आणि बोलणाऱ्यांना ते माहीत असतं. शक्य असेल तर पूर्ण गाडी नेण्याआधी दोन मुठी नमुना घेऊन जाऊन भाव काढून यावा.

एक जागा अशी आहे की जिथं यातला कुठलाच शब्द चालत नाही: भारतीय कापूस महामंडळाचं, म्हणजे ‘सीसीआय’चं हमीभाव केंद्र. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं प्रत्येक टक्क्याला १ टक्का कमी, १२ च्या वर खरेदीच नाही. म्हणजे ८,११० च्या कापसात १० टक्के ओलावा निघाला तर १६२ रुपये गेले, एक दिवसाच्या उन्हाची ही किंमत. नोंदणी ‘कपास किसान’ या ॲपवरून आधी करावी लागते. मोबाइल जमत नसलेल्यांनी हंगाम सुरू होण्याआधीच कोणाकडून तरी करून घ्यावी, गाडी भरल्यावर नव्हे. भाव ठरलेला असला तरी ओलावा मोजताना यंत्राकडं पाहत उभं राहावं आणि गाडीच्या एकाहून जास्त जागांवर मोजायला सांगावं.

संत्र्याच्या पट्ट्यात, वरुड-मोर्शीकडं, ‘उक्ता’ हा शब्द चालतो, दुसरीकडं त्यालाच ‘गुत्ता’ म्हणतात. झाडावरचा अख्खा बहार न मोजता, न तोलता एका रकमेला देणं. उक्त्यात शेतकऱ्याची वादळ-गारपिटीची काळजी व्यापाऱ्याकडं जाते, पण फळ किती याचा अंदाज व्यापाऱ्याचा पक्का आणि शेतकऱ्याचा कच्चा असतो. बोलण्याआधी बागेतली लहान, मध्यम, मोठी अशी दहा-पंधरा झाडं निवडून फळं मोजा, सरासरी काढा, झाडांच्या संख्येनं गुणा. नुसता हा आकडा हातात असला तरी बोलणं बदलतं. तोडणी कोणाची, बारीक फळाचं काय, आणि बाग कोणत्या तारखेपर्यंत रिकामी करायची, हे इसाराच्या कागदावर हवंच. फळ जास्त दिवस झाडावर राहिलं तर पुढच्या बहारासाठी पाणी तोडून द्यायचा ताण चुकतो आणि ते नुकसान कोणत्याही उक्त्यात धरलेलं नसतं.

सेवा म्हणून पाहिलं तर भाजीची ओळ विश्वासाची, पाचपैकी चार. बैलबाजार जाणत्या माणसाला सोबत घेऊन गेलं तर तितकाच चांगला, एकट्या नवख्यासाठी दोन. कापडाची ओळ तीन. खेडा खरेदीला कट्टी आधी सांगणारा व्यापारी असेल तर तीन, नंतर सांगणारा असेल तर शून्य. बहुतेक बाजारांत बसणाऱ्या बायांसाठी सावली, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह यातलं एकही धड नाही, आणि पावती मात्र प्रत्येकीकडून घेतली जाते. ठेक्याच्या पैशातून आधी हे व्हायला हवं.

जाण्याची वेळ ओळीप्रमाणं ठरवा. बैलबाजाराला उजाडताच, कारण दात पाहायला सकाळचं ऊन हवं आणि जनावर पाणी पाजण्याआधी पाहता येतं. भाजीला दहा ते बारा, बोहनी झालेली असते आणि माल निवडून गेलेला नसतो. दिवस कलल्यावर ‘उठत्या बाजारा’त भाव पडतात, पण तेव्हा उरलेली पालेभाजी रात्रीच करून खाण्याजोगी असते, आणि शेवटच्या गाडीकडं पाहत बसलेल्या बाईकडून ती सांगितल्या भावानं घ्यावी.